३.७३ राहू दे गं

परवा फोनवर तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस: गिअरबॉक्स बदलू का, मागचा अ‍ॅक्सल बदलू का, आणि नवऱ्याला खर्च किती सांगू? तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. खरा आकडा सांग, फक्त दोन हप्त्यांत सांग. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र चहा घेऊन बस. ते दोन वेगळे प्रश्न नाहीतच मुळी. लोक एकाच प्रश्नाचे दोन तुकडे करून दोन गॅरेजवाल्यांना विचारतात आणि तिथेच पैसे बुडवतात.

आधी हे ऐक, ट्रक चांगला घेतलास. १९७१ चा शेव्हरोले सी-१०, ३५० चं व्ही-एट इंजिन, लांब हौदा. त्या वर्षापासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक कंपनीतूनच यायला लागले, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत तुझा ट्रक १९७० वाल्यापेक्षा उजवा आहे. शिवाय तो कोलोरॅडोतच वाढलेला. इकडे आमच्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, त्या गंजापायी या वयाच्या ट्रकखाली वाकून बघायची हिंमत होत नाही.

मग आय-२५ वर सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन एवढं बोंबलतं का? काही बिघडलेलं नाही गं. तो बनलाच तसा आहे. त्या काळात सी-१० घेणारा माणूस शेतावरून गावात जायचा, गवताच्या गाठी न्यायचा. दिवसभर सत्तरनं पळणं हे त्याचं मुख्य काम नव्हतं. तुझ्या ट्रकमध्ये टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक आहे. पहिला २.५२, दुसरा १.५२, तिसरा १.००. तिसऱ्यात इंजिन आणि मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, आणि त्याच्या पुढे गिअर नाही. शाफ्टच्या टोकाला डिफरेन्शियलमध्ये क्राउन-पिनियनची जोडी. क्राउनला ४१ दात, पिनियनला ११. भागून बघ, ३.७३ येतात. चाक एकदा फिरायचं तर शाफ्ट जवळजवळ पावणेचार वेळा फिरला पाहिजे.

आता एक हिशोब शिकवते, तो फोनमध्ये लिहून ठेव. मैलांतला वेग, गुणिले अ‍ॅक्सलचा रेशो, गुणिले गिअरचा रेशो, गुणिले ३३६. आणि आलेल्या आकड्याला टायरच्या इंचांतल्या उंचीनं भागायचं. तुझे टायर २३५/७५ आर १५ आहेत, त्यांची उंची २८.९ इंच. सत्तरच्या वेगाला उत्तर येतं साधारण ३०३५ आरपीएम. टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्तच. इंजिन त्यानं मोडणार नाही, पण फोर्ट कॉलिन्सपासून डेन्व्हरपर्यंत तो आवाज ऐकायचा, वर पेट्रोल जाळायचं, आणि उतरल्यावर नवऱ्याशी ओरडूनच बोलायचं, हे काही खरं नाही.

पण थांब. ३.७३ हे तू विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलंस ना? पन्नासहून जास्त वर्षांत या ट्रकखाली किती जण शिरले असतील याचा पत्ता नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीचा कागदी स्टिकर शिल्लक असेल तर त्यावर ट्रक कारखान्यातून काय काय घेऊन निघाला ते छापलेलं असतं. तो वाच, पण त्यावर शेवटचा विश्वास ठेवू नकोस. स्वतः मोज. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लाव, मागचं एकच चाक जॅकनं उचलून खाली स्टँड लाव, गिअर न्यूट्रलला, पार्किंग ब्रेक सोडलेला. शाफ्टवर आणि टायरवर खडूनं खूण कर. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरव आणि मैत्रिणीला शाफ्टचे फेरे मोजायला सांग. पावणेचारला थोडे कमी भरले तर ३.७३, तीनच्या किंचित पुढे गेले तर ३.०७ किंवा ३.०८. दोन फेरे अशासाठी की साधं डिफरेन्शियल एकाच चाकाची हालचाल अर्धी करून क्राउनला पोचवतं. चाक फिरायलाच तयार नसेल तर आत पॉझिट्रॅक्शन, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र बांधणारं डिफरेन्शियल आहे. मग दोन्ही चाकं उचलायची आणि एकच फेरा मोजायचा.

३.७३ च निघाला असं धरून पुढे बोलते.

पहिला सल्ला तुला मिळेल तो हा, की गिअरबॉक्सला हात लावू नका, फक्त क्राउन-पिनियन ३.०८ चा टाका. सत्तरला २५०० आरपीएम, गाडी शांत. ऐकायला गोड आहे. तू कॅन्ससच्या सपाट रस्त्यांवर राहत असतीस तर मीही मान हलवली असती. पण तू शनिवार आला की मागे ट्रेलर लावून आय-७० ने डोंगरात निघतेस. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे डेन्व्हरला ट्रक उभा असतानाच सहावा हिस्सा गेलेला, आणि बोगद्यापाशी तिसरा. त्यातून विकणाऱ्यानं तुला सांगितलेले २५० हॉर्सपॉवर हे जुन्या ग्रॉस पद्धतीचे, इंजिनाला पंखा-सायलेन्सर काही न जोडता मोजलेले. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, नेट आकडे छापायला लागले तेव्हा ३५० पुढे १७५ आले. आता यात ३.०८ घाल. पहिल्या गिअरची एकूण ओढ म्हणजे गिअर गुणिले अ‍ॅक्सल. आत्ता ती २.५२ गुणिले ३.७३, म्हणजे ९.४ आहे. ती ७.८ वर येईल. चढावर ट्रेलरसकट सिग्नलला थांबून पुन्हा उचलायची वेळ आली की इंजिनाला धाप लागेल आणि कन्व्हर्टरमधलं तेल तापेल. हायवेवरची शांतता तू डोंगरातल्या ओढीच्या मोबदल्यात विकत घेतलीस, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ.

गिअरबॉक्स बदललास तर हा सौदा करावाच लागत नाही.

जनरल मोटर्सनं १९८२ मध्ये ७०० आर-फोर हा चार गिअरचा ऑटोमॅटिक आणला. पहिला ३.०६, दुसरा १.६३, तिसरा १.००, चौथा ०.७०. तुझ्या ३५० इंजिनाच्या पाठीला तो बसतो. ३.७३ तसाच ठेवून गणित कर. पहिल्या गिअरची ओढ ९.४ वरून ११.४ वर जाते, आणि चौथ्यात सत्तरच्या वेगाला आरपीएम २१२५ वर येतात. खाली ओढ वाढली, वर आरपीएम तीस टक्क्यांनी घटले. अ‍ॅक्सलला कुणी हातही लावला नाही. म्हणून म्हणते, ३.७३ राहू दे.

तू हिशोबी आहेस, म्हणून तुझ्या मनात पुढे काय येणार तेही मला माहीत आहे. ७०० आर-फोर घालू आणि ३.०८ पण घालू, मग तर आणखी शांत! बघ, त्या जोडीची पहिल्या गिअरची ओढ ९.४ येते, अगदी आत्ताइतकीच. आणि वर सत्तरला आरपीएम १७५५. कागदावर याहून सुंदर काही नाही. पण समोरून वारा सुटला, किंवा कॅसल रॉकच्या बाजूचा साधा चढ आला, की १७५५ वर तुझं इंजिन ओढू शकणार नाही. गिअरबॉक्स तिसऱ्यात उतरेल, मग चौथ्यात जाईल, परत उतरेल. दिवसभर हीच ये-जा. हे इंजिन दोन ते तीन हजारांच्या पट्ट्यात खुशीत असतं, त्याला तिथेच ठेव.

आणि तो ४.११ वाला? तुझ्या नवऱ्याच्या मित्रानं ठासून सांगितलं ना की ट्रक म्हणजे ४.११ च पाहिजे? माणूस अगदीच चुकीचं बोलत नाहीये. ७०० आर-फोरबरोबर ४.११ लावले तर सत्तरला २३४० येतात, चालण्यासारखे आहेत. पण पहिल्या गिअरची ओढ साडेबाराच्या पुढे जाते, म्हणजे पहिला गिअर चौक ओलांडायच्या आत संपतो आणि ३.०६ वरून १.६३ वर उडी मारताना इंजिन एकदम खाली बसतं. तुला उद्या ३३ इंची टायर लावायचे असतील तर त्याचं ऐक, कारण उंच टायर रेशो खाऊन टाकतात. ३३ इंचांवर ४.११ चा परिणाम तुझ्या आत्ताच्या टायरांवरच्या ३.६ इतकाच होतो. २८.९ इंचांवर मात्र नको. पुरुषांना मोठा आकडा सांगायला आवडतो, त्या आकड्यामागे टायर कुठला हे कुणी विचारत नाही.

आता ७०० आर-फोरचं नाव काढलंय तर त्याची खोडही सांगायला हवी, नाहीतर उद्या मलाच बोल लावशील. या गिअरबॉक्समधून कार्बुरेटरपर्यंत एक केबल जाते, तिला टीव्ही केबल म्हणतात. तू पाय किती दाबलायस हे ती गिअरबॉक्सला सांगते आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. बरेच जण समजतात की ती फक्त गिअर कधी पडावा एवढंच ठरवते, म्हणून अंदाजे ताणून मोकळे होतात. केबल सैल राहिली तर दाब कमी, दाब कमी तर क्लच घसरतात, आणि थोड्याच प्रवासात तिसऱ्या-चौथ्याचा क्लच पॅक जळून जातो. नवा कोरा बांधलेला बॉक्ससुद्धा असा जळतो. तुझ्या कार्बुरेटरला त्या केबलसाठी नेमक्या भूमितीचा ब्रॅकेट लागेल. तो विकत मिळतो. तिथे तार-बीर वाकवून जुगाड करू द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट लॉकअप. ७०० आर-फोरच्या कन्व्हर्टरमध्ये एक क्लच असतो, तो हायवेवर कन्व्हर्टरला घट्ट बांधून ठेवतो. मूळ गाड्यांत तो विजेनं चालू होतो, तुझ्या १९७१ च्या ट्रकमध्ये ती वायर नाही. जोडलीच नाही तर चौथ्या गिअरमध्ये कन्व्हर्टर ओल्या हातानं बरणीचं झाकण फिरवावं तसा घसरत राहतो, आणि मेहनतीचा काही भाग उष्णता होऊन तेलात जातो. वायरिंगचं किट घ्यायला लाव, आणि रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर. ट्रेलर ओढणाऱ्या माणसानं कूलरवर काटकसर करू नये.

जंकयार्डमधून उचलणार असशील तर वर्ष बघ. १९८२ ते ८४ च्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट २७ स्प्लाइनचा आणि नाजूक, १९८५ पासून ३० स्प्लाइनचा आला, आणि १९८७ पासूनचे आणखी सुधारलेले. मागच्या टोकाला यांत्रिक स्पीडोमीटरची केबल लागते का तेही बघ. नंतरच्या काहींना विजेचा सेन्सर आहे आणि तुझा काटा मग मेल्यासारखा पडून राहील. ४एल६०-ई दिसला आणि स्वस्त मिळाला तरी भुलू नकोस. तो सगळा कॉम्प्युटरवर चालतो, कार्बुरेटरच्या ट्रकला वेगळा कंट्रोलर घ्यावा लागतो, आणि स्वस्ताई तिथेच संपते.

लांबीचाही प्रश्न आहे. तुझा आत्ताचा बॉक्स आखूड शेपटीचा असेल तर ७०० आर-फोर त्यापेक्षा सुमारे तीन इंच लांब. म्हणजे खालचा क्रॉसमेंबर मागे सरकवायचा आणि शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यायचा. लांब हौद्याच्या सी-१० ला शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, मध्ये बेअरिंगचा आधार. त्यातला पुढचा तुकडा कापायचा. आणि आत हात घातलाच आहे तर ते मधलं बेअरिंग आणि यू-जॉइंट नवे टाकून घे. हे टाळायचं असेल तर २००-४आर नावाचा भाऊबंद आहे: २.७४, १.५७, १.००, ०.६७. लांबीला आखूड शेपटीच्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० एवढाच, त्यामुळे शाफ्टला हात लावावा लागत नाही. टीव्ही केबलची कटकट त्यालाही आहेच, आणि पहिल्या गिअरची ओढ थोडी कमी. ट्रेलर नसता तर मी तुला हाच सांगितला असता.

मॅन्युअलबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझा जीव तिकडे ओढतोय हे मला कळतं. बाबांच्या शेजारी जीपमध्ये बसून गिअरच्या दांड्यावर हात ठेवायला भांडायचीस ती तूच ना. त्या काळातल्या ट्रकांना एसएम४६५ नावाचा चार गिअरचा दणकट बॉक्स यायचा. पहिला ६.५५! ३.७३ बरोबर ओढ २४ च्या पुढे. भिंत ओढून काढेल. पण तो पहिला सिंक्रोमेशशिवाय, चालत्या गाडीत टाकायचा तर आपल्या एसटीच्या ड्रायव्हरांसारखा डबल क्लच मारावा लागतो, आणि वर चौथा १.०० च, म्हणजे हायवेवरचं बोंबलणं जसंच्या तसं. तुझ्या कामाचा नाही. हायवेचं सुख आणि दांडा दोन्ही हवं असेल तर ट्रेमेकचा टीकेएक्स, पाच गिअरचा: पहिला ३.२७, पाचवा ०.७२. सत्तरला २१८५ च्या आसपास. गणित ७०० आर-फोरच्याच घरात जातं. खर्च मात्र फक्त बॉक्सचा नाही. क्लचचं पेडल, लिंकेज, फ्लायव्हील, बेलहाउसिंग, स्टेअरिंग कॉलम, सगळी वरात मागून येते. माझं मन विचारशील तर हाच घ्यावा. माझी अक्कल विचारशील तर रोज डेन्व्हरच्या गर्दीत क्लच दाबणारी तू आहेस, मी नाही.

आता गॅरेजचं. तू आणि तुझा नवरा सोबत गेलात की मेकॅनिक त्याच्याकडे बघून बोलेल. तो बिचारा मान हलवेल, त्याला पिनियन म्हणजे काय हे ठाऊक नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, कागद घेऊन जा. त्यावर टायरची उंची, मोजलेला रेशो, इंजिन, ट्रेलरचं वजन लिहिलेलं असू दे. मग विचार: टीव्ही प्रेशर गेज लावून तपासणार ना? लॉकअप कशानं चालू होणार? शाफ्टचा कोन बसवल्यावर मोजणार का? जो माणूस या प्रश्नांवर चिडेल त्याला काम देऊ नकोस. जो म्हणेल की गेज कशाला, मी कानानं सांगतो, त्याला तर मुळीच नको.

पुढे कधी अ‍ॅक्सलला हात घालायची वेळ आलीच तर एवढं ध्यानात असू दे. क्राउन-पिनियन बसवणं म्हणजे जुना काढून नवा टाकणं नव्हे. पिनियन किती खोल बसला, दातांमध्ये किती फट आहे, हे इंचाच्या हजाराव्या भागांत जुळवावं लागतं, बेअरिंगवरचा ताणही मोजून ठरवावा लागतो आणि दातांना रंग लावून ठसा बघावा लागतो. चुकलं तर हायवेवर मागून सतत एक सूर येत राहतो आणि तो आपोआप जात नाही. मजुरी बहुधा गिअरच्या किमतीहून जास्त पडते, आणि ती पडू द्यावी. १२ बोल्टचं झाकण बघून कुणी कारचा गिअर सेट स्वस्तात देऊ केला तर नको म्हण. कारचा आणि ट्रकचा १२-बोल्ट बाहेरून सारखे दिसतात, पण पिनियनची जाडी वेगळी असते. अख्खा अ‍ॅक्सल जंकयार्डातून आणायचा मोह झाला तर त्यातही खाचा आहेत. १९७० आणि त्याआधीच्या सी-१० ला चाकाला सहा बोल्ट, तुझ्याला पाच. १९७३ पासून मागे पाटे आले, तुझ्याकडे कॉइल स्प्रिंग आणि ट्रेलिंग आर्म आहेत. म्हणजे नेमका तुझ्याचसारखा मिळाला तरच.

ट्रेलर मागे असताना चौथा गिअर लावू नकोस, दांडा तिसऱ्यावर ओढून ठेव. चौथ्यात भार पडला की बॉक्स सारखी तिसऱ्या-चौथ्यात ये-जा करतो आणि क्लच तापतात. आणि आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना खंबाटकी घाटात बाबा सांगायचे तेच करायचं, ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं उतरायचं. तिथला उतार सात टक्क्यांपर्यंत जातो, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला रॅम्प उगाच नाही बांधले. पुढचे डिस्क ब्रेक चांगले आहेत म्हणून त्यांच्याच जिवावर उतरू नकोस.

कामाचा क्रम असा ठेव. टायर आधी कायमचे ठरव, कारण टायर बदलले की माझे वरचे सगळे आकडे बदलतात. मग गिअरबॉक्स, कूलर, शाफ्ट. मग एक उन्हाळा नुसता चालव. ३.७३ नकोसा वाटायला लागला तर तेव्हा बोलू. स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअर नव्या बॉक्सला जुळवून घ्यायला मात्र त्याच दिवशी सांग, नाहीतर काटा साठ दाखवेल आणि पोलिसाच्या रडारवर सत्तर उमटतील.

शनिवारी शाफ्टचे फेरे मोजलेस की आकडा पाठव. ३.७३ ऐवजी ३.०७ निघाला तर क्राउन-पिनियनचा खर्चही धरावा लागेल, आणि नवऱ्याला सांगायचे हप्ते दोनाचे तीन करू.